टीव्ही घ्या, पण एखाद्या साध्या मंगळवारी पुस्तकं कोण काढणार ते आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं आहे की जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, पट ९२, शिक्षक मंजूर चार पण हजर तीन, तुम्ही यंदा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष झालात, बारा किलोमीटरवरच्या एमआयडीसीतली एक कंपनी मोठा स्मार्ट टीव्ही द्यायला तयार आहे, पण तुम्हाला हवाय तो वर्षभर चालणारा वाचनाचा नि थोडं इंग्रजी बोलायचा कार्यक्रम. सरपंच म्हणतात पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात घ्या, आणि मुख्याध्यापक म्हणतात मला पैशाच्या भानगडीत पाडू नका. बरोबर ना?

मी सातारा जिल्ह्यात आयुष्यभर प्राथमिक शिक्षक, शेवटची नऊ वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांचं एक केंद्र असतं त्यावर देखरेख करणारा. रिटायर झालो तरी हेच करत फिरतोय. आमच्या वेळी याला शैक्षणिक उठाव म्हणायचे, आता लोकसहभाग म्हणतात, काम तेच, गावातून आणि गावाबाहेरून शाळेसाठी काहीतरी उभं करायचं. त्यात मी चुका भरपूर केल्यात, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी टीव्हीचं. नाही म्हणू नका, दाराशी आलेल्याला परत पाठवलं तर तो पुन्हा येत नाही. पण माझ्या केंद्रातल्या एका शाळेत काय झालं ते सांगतो. एका कंपनीने दहा टॅब दिले, बॅनर लागला, नारळ फुटला, साहेबांच्या हस्ते पोरांच्या हातात टॅब देऊन फोटो झाले. दीड वर्षाने मी तपासणीला गेलो, टॅब कुठे विचारलं, तर मुख्याध्यापकांनी कंबरेच्या किल्लीने कपाट उघडलं. दहाच्या दहा खोक्यात, स्क्रीनवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि तीन टॅबच्या बॅटऱ्या फुगून मागचं झाकण पावासारखं वर आलेलं. मी चिडलो, पण ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, साहेब, जडसंग्रह रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या वहीत, माझ्या सहीने नोंद आहे, एखादा फुटला तर भरून कोण देणार? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण टॅब घेताना चार्ज कोण करणार, फुटला तर काय, बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुठले, यातलं काहीच आम्ही कुणी ठरवलं नव्हतं. त्या माणसाची काय चूक हो?

तेव्हा टीव्ही घेताना कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घ्या. तीन वर्षांची वॉरंटी, इन्व्हर्टर, आणि बसवायला येणाऱ्या माणसाने दोन शिक्षक नि गावातल्या दोन पोरांना चालवायला शिकवायचं. विजेचं बिल कोण भरतं तेही बघून ठेवा, बिल थकलं म्हणून लाइट तोडलेल्या डिजिटल शाळा मी पाहिल्यात, भिंतीवर रंगात ‘डिजिटल शाळा’ लिहिलेलं आणि आत अंधार.

आता मुळात कंपन्या वस्तूच का देतात, कार्यक्रमाला पैसे का देत नाहीत, हे समजून घ्या म्हणजे तुमची निम्मी चिडचिड कमी होईल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजाच्या कामाला, खर्च करावे लागतात, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्या असंही कायद्यातच आहे, हे वाक्य तुमच्या पत्रात जरूर घाला. पण हे पैसे कंपनी एकतर स्वतः खर्च करते, म्हणजे दुकानदाराला चेक आणि वस्तू शाळेला, नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करते, आणि त्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए, ८०जी, शिवाय १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी लागते. आपल्या शाळा समितीकडे हे काही नसतं. म्हणजे टीव्ही सरळ येतो, पण वाचन घेणाऱ्या मुलीचं महिन्याचं मानधन सरळ येत नाही, त्याला मधे संस्था लागते. त्यात ३१ मार्च आला की ज्यांचे पैसे उरलेत त्यांची धावपळ, आणि फेब्रुवारीत झटपट काय देता येतं तर टीव्ही, बेंच, वॉटर फिल्टर, दप्तरं.

म्हणून मी दोन कागद करून ठेवायला लागलो. मोठा प्रस्ताव दिवाळीच्या आसपास, पुढच्या वर्षासाठी, संस्थेला बरोबर घेऊन, आणि एक छोटी यादी फेब्रुवारीसाठी, दोन-तीन लाखाच्या आतल्या वस्तू, दुकानदाराच्या कोटेशनसकट. फेब्रुवारीच्या यादीत पुस्तकं घाला ना! पुस्तकं ही पण वस्तूच आहे, दुकानदाराच्या बिलावर येते, आणि कार्यक्रमाला तीच लागते. ही युक्ती मला फार उशिरा सुचली.

दुसरी गोम, पट ९२. मी एकदा एका सीएसआर ऑफिसरपुढे बसलो होतो, पोरगा चांगला होता, सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, बेनिफिशिअरी, म्हणजे लाभार्थी, किती? मी अभिमानाने सांगितलं एकशे चार. त्याने पेन खाली ठेवलं. त्याला त्याच्या वरच्यांना हजाराचा आकडा दाखवायचा होता, एकशे चारसाठी त्याला तेवढेच कागद करावे लागणार होते. पुढच्या वर्षी आम्ही केंद्रातल्या अकरा शाळा मिळून गेलो, एकच प्रस्ताव, एकच संस्था, सगळी मिळून हजाराच्या आसपास पोरं, आणि काम झालं. तेव्हा तुमच्या केंद्रप्रमुखांना भेटा, शेजारच्या पाच-सहा शाळांच्या अध्यक्षांना एकत्र बसवा. एकट्या शाळेने कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनशी हुज्जत घालण्यापेक्षा हे बरं.

हे झालं कंपनीचं, पण मी कंपनीपासून सुरुवात करतच नाही. पहिले पैसे गावाचे, भले ते पाच हजार असोत. यावर माझं लोकांशी भांडण होतं, लोक म्हणतात गरीब गाव आहे, शाळा सरकारची आहे, आपण का द्यायचं. अहो कर्मवीरांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, ती मुष्टिफंडावर वाढली, बायकांनी दळताना रोज मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते वसतिगृहाला जायचं. त्या बायका श्रीमंत नव्हत्या. आणि मूठभर धान्य ज्या घरातून गेलं ते घर विचारणारच की आमच्या धान्याचं काय केलंत. त्या विचारण्यावर शाळा चालते. नुसत्या कंपनीच्या पैशावर चाललेला कार्यक्रम बंद पडला तर गावात पान हलत नाही, हे मी पाहिलंय.

आमच्याकडे एका गावात यात्रा कमिटीकडे दरवर्षी थोडे पैसे उरायचे, ते पुढच्या वर्षीच्या ऑर्केस्ट्राला जायचे. आम्ही ग्रामसभेत एवढंच म्हटलं की ऑर्केस्ट्रा होऊ द्या, उरलेल्यातले निम्मे शाळेला द्या. तासभर वादावादी. शेवटी एक म्हातारी मागून उठली, म्हणाली माझ्याकडं पैसं नाहीत, पण पायलीभर ज्वारी हाय, ती घ्या आन् पुढचं बोला. हशा पिकला आणि पैसे मंजूर झाले. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर देणगीदारांची यादी लिहिली तेव्हा पहिली ओळ मी तिची लिहायला लावली, ‘ज्वारी, १ पायली’. खाली एका ठेकेदाराचे अकरा हजार. ठेकेदार जरा नाराज झाला, होऊ दे म्हटलं.

यात एक सांभाळा. घरटी एवढे, पोरामागे एवढे अशी सक्तीची वर्गणी अजिबात लावू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे आणि प्रवेशाशी देणगी जोडणं हा गुन्हा आहे, कलम १३ वाचा. तुमची शाळा उद्या नावाजली आणि शेजारच्या गावची पोरं यायला लागली तर ‘प्रवेश हवा तर शाळेला काहीतरी द्या’ असं कुणीतरी म्हणणारच, तो माणूस गावातलाच आणि चांगल्या मनाचाच असेल, पण त्याला तिथल्या तिथे गप्प करा. एका वाक्यामुळे चौकश्या लागतात आणि दहा वर्षांचं काम मातीत जातं.

मुंबईकर मंडळ आहे का तुमच्या गावाचं? आमच्या जावळी-पाटणकडे माथाडीत गेलेल्यांची मंडळं आहेत, कोकणात तर वाडीवाडीची आहेत. हे लोक देवळाला देतात, शाळेला मागितलं तर शाळेलाही देतात, पण रंगरंगोटी आणि कमान यावर त्यांचा जीव, नाव दिसतं ना. मी त्यांना महिना दत्तक द्यायला लागलो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावजेवणाऐवजी किंवा भांड्यांऐवजी वाचनाचा एक महिना तुमच्या नावे, फळ्यावर महिनाभर नाव, आणि त्या महिन्यात पोरांनी वाचलेल्या पुस्तकांची यादी व्हॉट्सअॅपवर. दहा महिन्यांचे दहा लोक मिळायला एक गणपती पुरला. गणपतीत सगळे गावी असतात, ग्रामसभा घेऊन जमत नाही ते आरतीनंतर ओट्यावर जमतं.

आता तुमच्या वाचनाच्या कार्यक्रमाचा हिशोब करू, कारण ‘वाचनासाठी मदत करा’ म्हटलं की कुणी देत नाही, ‘सत्तर हजार, त्यात हे हे’ म्हटलं की देतात. ९० पोरं धरा. पहिल्या वर्षी पुस्तकं ३० हजारांची, गोष्टीची, चित्रांची, पातळ, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठी पुस्तकं बघा, जाडजूड थोर पुरुषांची चरित्रं दहापेक्षा जास्त घेऊ नका, देणगीदार तीच आणून देतात आणि पोरं हात लावत नाहीत. वाचनताईचं मानधन महिना ३ हजार, दहा महिने म्हणजे ३० हजार. पुस्तकं टांगायला भिंतीला दोऱ्या, चिमटे, उघडे रॅक ४ हजार, फाटलेल्या पुस्तकांना शिवण-चिकटपट्टी २ हजार, सटरफटर ४ हजार. झाले ७० हजार. दुसऱ्या वर्षापासून पुस्तकं १० हजारांची, मानधन ३०, बाकी ५, म्हणजे ४५ हजार. कपाट घेऊ नका, कपाटाला कुलूप असतं.

वाचनताई म्हणजे गावातलीच सून किंवा मुलगी, डी.एड. झालेली आणि नोकरी नसलेली अशा किती बसल्यात घरी. रोज दीड तास, शाळेच्या वेळात, शिक्षकांच्या संमतीने. तिला शिक्षकाच्या रिकाम्या जागेवर बसवू नका, यावर मी जरा कडक आहे. चौथं पद भरणं हे सरकारचं काम आहे, तुम्ही वर्गणीतून शिक्षक आणून बसवलात की ते पद भरायची घाई कुणाला राहील? त्यासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दर महिन्याला ठरावासकट पत्र, पोच घेऊन, कंटाळा न करता. खोली, संडास, पाणी, शिक्षक यासाठी भांडा, वर्गणी नको.

इंग्रजी बोलण्याचं मी टाळतोय असं वाटेल तर वाटू द्या. तिसरीतलं पोर मराठी गोष्ट सरळ वाचत नसेल तर स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्याला पैसे देऊन पाठांतरच होतं, पालक खूश होतात तेवढंच. दुसऱ्या वर्षी बघा.

सरकारी पैसा काय आहे तोही आधी मांडा, देणगीदार विचारतोच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार ठरलेलं आहे, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर. ते आता पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून येतं, कधी पूर्ण येतं कधी हप्त्याने, त्यात खडू-फडक्यापासून दुरुस्तीपर्यंत सगळं. हे समितीसमोर वाचून दाखवा, निम्म्या सदस्यांना वाटत असतं शाळेला लाखो येतात नि मास्तर खातात. आकडा कळला की आवाज खाली येतो.

सरपंचांचं म्हणणं. देणगीचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात घालू नका असं माझं स्पष्ट मत, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण एकदा ग्रामनिधीत गेलेला पैसा बाहेर काढायचा तर मासिक सभा, ठराव, ग्रामसेवकाची सही, आणि निवडणूक झाली की नवीन बॉडी. वाचनताईचं मानधन त्यात अडकलं की ती तिसऱ्या महिन्याला येणार नाही. पण सरपंचांना दुखवू पण नका, त्यांना त्यांच्याकडचं काम द्या. १५व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, हात धुवायची जागा, मुलींचा संडास, पाण्याची टाकी असली कामं आम्ही त्यातनं करून घेतली. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मात्र काम गावाच्या विकास आराखड्यात असायला हवं, आणि आराखड्याची धामधूम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून चालू होते, ती हुकली की वर्ष गेलं. तुम्ही समितीच्या आया घेऊन त्या सभेला जा. समितीत ७५ टक्के पालक नि निम्म्या महिला असं कायद्यानेच आहे, मग त्या सभेत मागे का उभ्या राहतात?

पैसे घ्यायचे समितीच्या नावाने, पण समग्र शिक्षाच्या खात्यात लोकवर्गणी मिसळायची नाही, लोकसहभागाचं वेगळं खातं, सह्या अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या. छापील पावती पुस्तक, रोजकीर्द, वस्तू आली की त्याच दिवशी जडसंग्रहाला नोंद. रोख शक्यतो नको, क्यूआर कोड लावा, म्हाताऱ्यांचे रोख आलेच तर दुसऱ्या दिवशी भरून टाका. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जमा-खर्च व्हरांड्याच्या फळ्यावर, पाचवीच्या पोरांकडून लिहून घ्या, जमा एवढे, खर्च एवढे, शिल्लक एवढी. पोरांचं गणितही होतं. एका शाळेत एका पोरीने चाळीस रुपयांची बेरीज चुकलेली पकडली, गुरुजींनी रिक्षाभाडं दोनदा धरलं होतं. सगळा गाव हसला, गुरुजी पण हसले, आणि त्या वर्षी त्या शाळेला मागितल्यापेक्षा जास्त मिळाले.

तुमच्या मुख्याध्यापकांची भीती मात्र खरी आहे, त्यांना भित्रा म्हणू नका. बदली झाल्यावर पाच वर्षांनी ऑडिटचा मुद्दा निघतो तेव्हा समिती नसते, तेच असतात. त्यांना धीर येईल असं करा, म्हणजे प्रत्येक देणगीचा ठराव, इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या, ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. खरेदीला ते एकटे जाणार नाहीत, समितीचे दोन पालक जातील. केंद्राचं विद्यांजली पोर्टल आहे, २०२१ पासून नवीन स्वरूपात, त्यावर शाळेच्या यूडायस नंबरने, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाने, गरज नोंदवता येते, देणारा सापडो न सापडो पण मागणी अधिकृत दिसते, मुख्याध्यापकांना तेवढाच आधार. बांधकामाचं मात्र कुणी बोललं तर थांबा, जागा कुणाच्या नावावर, जुन्या खोलीचं निर्लेखन, म्हणजे ती निकामी म्हणून कागदोपत्री रद्द, झालंय का, बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक, हे सगळं झाल्याशिवाय एक वीट नको.

दत्तक शाळा योजनेचं विचारलंत. सप्टेंबर २०२३ चा जीआर आहे, ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी १ कोटी मोलाची मदत आणि शाळेच्या नावापुढे देणगीदाराचं नाव. तुमच्या ७० हजाराच्या कामाला हे कशाला? आणि गावाच्या शाळेवर कंपनीचं नाव मला तरी बघवत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

वाबळेवाडी, पष्टेपाडा, जालिंदरनगर या नावाजलेल्या जिल्हा परिषद शाळांची नावं तुमच्या गटात कुणीतरी फेकणारच. जरूर बघून या, शिरूर, शहापूर आणि खेड तालुक्यात आहेत, पण बघताना इमारत आणि स्क्रीन बघू नका, गावातले लोक शाळेत कधी येतात, का येतात ते विचारा. जालिंदरनगरला मोठी पोरं लहानांना शिकवतात, विषयमित्र, त्याला एक रुपया लागत नाही.

शेवटची ठेच. आमच्या केंद्रातला कार्यक्रम पहिलं वर्ष झकास चालला, दुसऱ्या वर्षी कंपनीतला साहेब बदलला, नव्या साहेबांना झाडं लावायची होती. जुलैपासून मानधन बंद. वाचनताया ऑगस्टपर्यंत फुकट आल्या, मग एकेक गळल्या. एका शाळेतलं पोरगं मला रस्त्यात म्हणालं, गुरुजी, दोरीवरची पुस्तकं काढून ठेवली. त्यानंतर मी एका वर्षाचे पैसे मागायचे बंद केले. तीन वर्षांचं पत्र, पहिल्या वर्षी कंपनीचा वाटा मोठा आणि गावाचा लहान, तिसऱ्या वर्षी उलट, आणि तीन महिन्यांचं मानधन कायम खात्यात शिल्लक, त्याला हात लावायचा नाही. ज्या चार शाळांनी हे पाळलं तिथे दोऱ्या अजून आहेत.

तर आता टीव्हीचं स्वीकारपत्र द्यायला कंपनीत जाल तेव्हा समितीचा ठराव, ९२ पोरांची वर्गवार यादी आणि त्या ७० हजाराच्या हिशोबाचा एकच कागद सोबत न्या. मुख्याध्यापकांना घेऊन जा, बोलायला लावू नका, नुसतं शेजारी बसू द्या. आणि गावाची जमा किती झाली तो आकडा वर लिहायला विसरू नका, पाच हजार असला तरी.